सहा की दहा?

बाबा अंघोळ करून बाहेर आले आणि डोकं पुसता पुसता म्हणाले, "अरे, तुमच्या त्या दोरीचा डबा गरम लागतोय."

मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "बाबा, बाथरूममध्ये वाफ असते. गरम लागणारच."

"वाफेने सगळं छत गरम होईल. एकटा डबा कशाला होईल?"

मंडळी, माझे बाबा वीज मंडळातून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले आहेत. हात कोरडे करून, स्टुलावर चढून, उलट्या हाताने डबा चाचपून मगच ते हे बोलत होते. (उलट्या हाताने का? तर शॉक बसून हात आखडलाच तर मूठ वळते, आणि तळव्यात धरलेली वस्तू सुटत नाही. लहानपणी हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलंय.) वयाच्या सत्तरीत स्टुलावर चढल्याबद्दल आई त्यांना बोलत होती आणि मी "बघतो नंतर" म्हणून पुन्हा मेलमध्ये डोकं घातलं होतं. मे २०२४ मधली ही गोष्ट. आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे रेडिंगला दोन महिन्यांसाठी आले होते.

ज्यांनी इंग्लंडातली बाथरूम पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. इथे बऱ्याच घरांत भिंतीवर इलेक्ट्रिक शॉवर असतो. आपल्याकडच्या इन्स्टंट गीझरचा हा थोरला भाऊ. टाकी नाही, साठवण नाही. नळाचं गार पाणी एका बाजूने आत जातं, काही सेकंदांत तापून डोक्यावर पडतं. आणि बाथरूमच्या आत आपल्यासारखं भिंतीवरचं साधं बटण चालत नाही, म्हणून स्विच छताला आणि त्याला लोंबणारी दोरी. ओढली की चालू, परत ओढली की बंद. बाबांचा "दोरीचा डबा" तो हाच.

आता हा थोरला भाऊ किती खातो बघा. पुण्यातला साधा इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा. इथला शॉवर साडेआठ, साडेनऊ, साडेदहा किलोवॅटचा! कारण सरळ आहे. जानेवारीत नळाचं पाणी ६ अंशांवर येतं आणि ते ४० वर न्यायचं असतं. ३४ अंशांचा फरक. साडेआठ किलोवॅटमध्ये तेवढं तापवलेलं पाणी मिनिटाला साधारण साडेतीन लिटर मिळतं, साडेदहामध्ये साधारण साडेचार. म्हणजे एवढी वीज जाळून शेवटी पाणी तांब्याने घेतल्यासारखंच. पण हिवाळ्यातल्या सकाळी तो एक लिटरचा फरक फार मोठा वाटतो, आणि म्हणून जुना शॉवर बिघडला की जो तो वरचा नंबर घेतो. मीही घेतला. जानेवारी २०२४ मध्ये साडेआठचा काढला, साडेदहाचा बसवला. स्वतः बसवला. मेन बंद करून, दोन वायरी आणि एक अर्थ काढून, तीच जोडणी नव्यात. पाऊण तास. बायकोला फोटोही दाखवला होता.

दुकानात मी विचारलं होतं, केबल कोणती लागेल? काउंटरवरच्या माणसाने हातातलं काम न थांबवता सांगितलं, "साडेदहाला दहाची." म्हणजे दहा स्क्वेअर एमएम. माझ्या घरात सहाची होती. मग मी घरी येऊन नेटवर शोधलं. आपण इंजिनीअर ना! बीएस ७६७१ म्हणजे इथल्या वायरिंगचं बायबल. त्यातला तक्ता मिळाला: सहाची केबल, उघड्यावर भिंतीला क्लिप केलेली, क्षमता ४७ अँपिअर. आणि शॉवर? १०,५०० भागिले २४० म्हणजे ४४ च्या आत. ४४ लहान, ४७ मोठे. पास! उगाच दहाची केबल ओढत बसायला सांगतात, धंदा आहे त्यांचा, असं म्हणून मी विषय संपवला.

गणित बरोबर होतं. तक्ताही खरा होता. चुकलं ते दुसरीकडेच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा विषय काढला. आता मात्र त्यांनी मला बरोबर नेऊन अंघोळीनंतर लगेच डब्याला हात लावायला लावला. (उलटा हात. हो.) चटका नाही, पण नुकत्याच ठेवलेल्या चहाच्या कपासारखा गरम. पांढऱ्या प्लॅस्टिकवर एका बाजूला फिकट तपकिरी डाग. मी मुकाट्याने इलेक्ट्रिशियनला फोन केला आणि तो येईपर्यंत बाबांनी शॉवरवर बंदी घातली. तीन दिवस आम्ही सगळे किटलीत पाणी तापवून बादलीने अंघोळ केली. आई म्हणाली, "बरं झालं, एकदाची नीट अंघोळ झाली." :)

इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा, मितभाषी माणूस. मी त्याला माझं ४४ आणि ४७ चं गणित ऐकवायला सुरुवात केली. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: केबल जाते कुठून?

मी म्हटलं, फ्यूजबोर्ड खाली जिन्याखाली, तिथून भिंतीतून वर लॉफ्टमध्ये, लॉफ्टमधून आडवी बाथरूमच्या वर, आणि तिथून खाली डब्यात. सगळी मिळून १८ मीटर असेल.

"आणि लॉफ्टमध्ये लोकर किती जाड आहे?"

इथे माझी ट्यूब पेटली.

झालं होतं असं. घर आम्ही २०२१ मध्ये घेतलं तेव्हा लॉफ्टमध्ये जेमतेम दोन इंचाची जुनी ग्लासवूल होती आणि केबल तिच्या वर, लाकडी तुळयांच्या बाजूला क्लिप केलेली, मोकळ्या हवेत. लाल-काळी वायर, म्हणजे बहुधा २००६ च्या आधीची, कारण त्यानंतर इथे नव्या कामात तपकिरी आणि निळा रंग सक्तीचा झाला. तेव्हा साडेआठचा शॉवर, ३५ अँपिअर, ४० चा एमसीबी, ४७ ची केबल. ज्याने कुणी ते काम केलं त्याने अगदी नीट केलं होतं.

मग २०२२ च्या ऑक्टोबरात विजेचे आणि गॅसचे दर भडकले. सगळ्या देशाप्रमाणे आम्हीही लॉफ्टमध्ये ग्लासवूल अंथरली. इथे शिफारस २७० मिलिमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ एक फूट. एका शनिवारी मी स्वतः मास्क लावून, खाजत खाजत ती गुंडाळी पसरली. केबल दिसेनाशी झाली तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? किती व्यवस्थित दिसतंय, असं वाटलं.

आता तोच तक्ता पुन्हा बघू. मी त्यातला एकच रकाना वाचला होता. शेजारी आणखी रकाने आहेत. तीच सहाची केबल:

भिंतीला किंवा लाकडाला क्लिप केलेली, मोकळी: ४७ अँपिअर.
छताच्या वर, १०० मिलिमीटरपर्यंतच्या लोकरीखाली: ३४.
छताच्या वर, १०० मिलिमीटरपेक्षा जाड लोकरीखाली: २७.

तांबं तेच. जाडी तीच. फक्त अंगावर गोधडी घातली आणि ४७ चे २७ झाले.

कारण केबलची क्षमता म्हणजे "तिच्यातून किती करंट वाहू शकतो" हे नव्हेच. वाहायला तांब्यातून कितीही वाहील. प्रश्न आहे तो वाहताना तयार होणारी उष्णता बाहेर पडते की नाही हा. वरच्या पीव्हीसीला ७० अंशांपर्यंतचं तापमान कायम सोसतं. त्याच्या वर राहिलं तर ते हळूहळू कडक होतं, तडकतं. म्हणजे तक्त्यातला प्रत्येक आकडा खरं तर असं सांगत असतो: या ठिकाणी, भोवतालची हवा ३० अंश असताना, एवढा करंट सतत वाहिला तर तांबं ७० च्या आत राहील. ठिकाण बदललं की आकडा बदलला.

आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. साडेआठवरून साडेदहावर जाताना करंट वाढला साधारण २४ टक्के, पण केबलमधली उष्णता वाढली ५३ टक्के. माझ्या १८ मीटर केबलमध्ये शॉवर चालू असताना अंदाजे २५० वॅट जळत होते, दर मीटरला १४. एरवी हवेत विरून गेले असते. मी ते फूटभर लोकरीत गुंडाळून ठेवले होते. वर घराची ऊब वाचवतोय म्हणून स्वतःची पाठही थोपटली होती.

वायरिंगमध्ये एक अगदी साधा नियम आहे, शाळेतल्या मुलालाही कळेल असा. उपकरणाचा करंट, त्याहून मोठा किंवा तेवढाच एमसीबी, आणि त्याहून मोठी किंवा तेवढीच केबलची क्षमता. चढती भाजणी. मूळ घरात ती होती: ३५, ४०, ४७. मी लोकर अंथरली त्या शनिवारी झाली: ३५, ४०, २७. आणि नवा शॉवर लावल्यावर: ४४, ४०, २७. अगदी उलटी भाजणी! नीट बघा, भाजणी मोडली ती शॉवर लावला तेव्हा नाही. त्याच्या सव्वा वर्ष आधी, केबलला बोटही न लावता मोडली होती.

आता तुम्ही म्हणाल, एमसीबी होता ना? ४० च्या एमसीबीतून ४४ गेले तर तो पडायला नको? मलाही हेच वाटत होतं. पण एमसीबी असा रेघेवर उभा राहून पहारा करत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकाप्रमाणे त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत त्याने तासभरात पडायचंच नाही, आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडलंच पाहिजे. ४० ची १.१३ पट म्हणजे ४५. माझे ४४ त्याच्या आत. म्हणजे माझा एमसीबी नियमानुसार गप्प होता. आणि केबल आता २७ ची झालीय हे त्याला कोण सांगणार? त्याला लॉफ्टमधलं काही दिसत नाही. आपण मात्र "ट्रिप होत नाही ना, मग ठीक आहे" म्हणतो. एरर लॉग रिकामा आहे म्हणून सिस्टिम निरोगी आहे असं आपण ऑफिसात म्हणालो तर टीम लीड काय म्हणेल?

इलेक्ट्रिशियनने डबा उघडला. एक स्क्रू किंचित सैल होता. डबा गरम होण्याचं तात्कालिक कारण ते. पण डब्यात येणारी केबल वर लोकरीतून ओढून पाहिली तेव्हा तिचं वरचं आवरण कडक झालेलं, वाकवलं की कुरकुरणारं. त्याने मेगर लावला. मेगर पाहताच बाबांचा चेहरा उजळला. पुढचा अर्धा तास एक इंग्रज आणि एक पुणेकर, दोघांना एकमेकांची भाषा नीट कळत नसताना, आकडे दाखवून बोलत होते. मी चहा केला. एवढंच काम माझ्या लायकीचं उरलं होतं.

मग मी विचारलं, "म्हणजे दहाची टाकायची ना? दुकानदार बरोबर होता तर." तो म्हणाला, नाही. दहाची केबल मोकळ्या हवेत ६४ ची, पण या लोकरीखाली ३६ ची. ४४ च्या शॉवरला तीही अपुरी. सोळाची टाकली तर ४६, म्हणजे काठावर पास, पण ती वाकवायला आणि शॉवरच्या टर्मिनलमध्ये बसवायला जिकिरीची. त्यापेक्षा वाट बदलू. त्याने नवीन केबल लॉफ्टमध्ये नेलीच नाही. जिन्याखालून कपाटाच्या आतल्या भिंतीने सरळ वर, क्लिप केलेली, मोकळी, आणि बाथरूमच्या बाहेरून आत. दोरीचा डबा गेला, बाथरूमच्या बाहेर भिंतीवर स्विच आला. एमसीबी ४५ चा, शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीडी. आताची भाजणी: ४४, ४५, ६४. त्याने पूर्ण तपासणी करून सर्टिफिकेट दिलं. इंग्लंडात २००५ पासून घरातलं वायरिंग बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या "पार्ट पी" मध्ये येतं, नवीन सर्किट ओढायचं तर नोंदणीकृत माणसाकडून किंवा कौन्सिलला कळवून. मी याला आधी लाल फितीचा कारभार समजत होतो.

तर माझं म्हणणं असं आहे. "साडेदहाच्या शॉवरला कोणती केबल?" हा प्रश्नच अर्धवट आहे, आणि त्याला "दहाची" असं झटकन उत्तर देणारा माणूस अर्धवट उत्तर देतोय, मग तो दुकानदार असो की नेटवरचा तज्ज्ञ. केबलचा साइज शॉवरवरून नाही ठरत, वाटेवरून ठरतो. आणि सगळ्या वाटेवरून नाही, त्या वाटेतल्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून. सतरा मीटर मोकळ्या हवेत आणि एक मीटर गोधडीत असेल तर हिशेब त्या एका मीटरचा करायचा. माझ्या १८ मीटरमध्ये व्होल्टेज पडत होतं पावणेसहा व्होल्ट, मर्यादा साडेअकराची. म्हणजे लांबीची जी भीती सगळे घालतात ती घरात क्वचितच आडवी येते. आडवी येते ती न दिसणारी जागा.

यावर हमखास येणारा आक्षेप: अहो, अंघोळ दहा मिनिटांची, एवढ्यात केबल कुठे तापते? खरं आहे. तापायला वेळ लागतो, आणि त्या दहा मिनिटांनीच आमचं घर इतके दिवस तारलं. पण मग पाहुणे येतात. सकाळी साडेसात ते साडेआठ, आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी, एकापाठोपाठ एक. केबलला ती पाच अंघोळी नाहीत, तासभराची एकच आहे. आणि पाहुणे म्हणजे कोण होते? ज्यांनी मला उलट्या हाताने चाचपायला शिकवलं ते. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर तो लॉफ्ट होता. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी हसू नये, तुमच्याकडेही हे आहे, फक्त आकडे लहान. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर घेतो, १६ च्या पॉवर पॉइंटला चालतो. मग साडेचार किलोवॅटचा सेलमध्ये दिसतो. तो घेतो साडेएकोणीस. तोही त्याच १६ च्या पॉइंटला, त्याच अडीचच्या वायरवर, कधी कधी पिन घासून बसवलेला मी पाहिलाय. आणि ती वायर भिंतीतल्या एकाच पाइपमधून आणखी चार वायरींना चिकटून जाते. तिचीही ती गोधडीच. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये इटालियन टाइल्सचं नाव असतं, गीझरच्या पॉइंटला किती स्क्वेअर एमएमची वायर आहे आणि ती कुठून जाते हे विचारणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिला नाही. मी स्वतःही विचारलं नव्हतं.

सगळ्यात जास्त मला खुपलं ते हे, की या गोष्टीत कुणीच बेफिकीर नव्हतं. मूळ वायरमनने चोख काम केलं. लोकर अंथरणं चांगलं काम. नवा शॉवर रीतसर. प्रत्येक बदल आपापल्या जागी बरोबर, आणि बेरीज चूक. आपल्या धंद्यात हे रोज होतं. कोड कुणी बदललेला नसतो, खालचा सर्व्हर कुणीतरी बदललेला असतो. म्हणून आपण बदल करण्याआधी विचारतो, याच्यावर आणखी काय काय अवलंबून आहे? घरी मात्र शनिवारी आपण तो प्रश्न ऑफिसच्या बॅगेत ठेवून देतो. ओहमचा नियम पाठ असल्याचा माज असतो ना, तो फार महागात पडतो. मला अडाणीपणाने नाही, अर्धवट वाचलेल्या तक्त्याने गोत्यात आणलं.

तेव्हा केबल निवडताना एक काम करा. शॉवरचा किंवा गीझरचा आकडा कागदावर लिहिण्याआधी घराचा वेडावाकडा नकाशा काढा आणि केबलची वाट बोर्डापासून टोकापर्यंत रेघेने दाखवा. जिथे रेघ कुठून जाते हे तुम्हाला सांगता येत नाही, तिथे थांबा आणि माणूस बोलवा.

जाताना बाबांना विमानतळावर म्हटलं, "बाबा, तुम्ही होतात म्हणून कळलं."

"मी काही केलं नाही," ते म्हणाले. "हात लावून बघितलं फक्त. तुम्ही लोक हात लावून बघत नाही."

परवा लॉफ्टमध्ये जुनी बॅग शोधायला गेलो होतो. लोकर तशीच छान पसरलेली आहे. खाली केबल नाही, हे मला माहीत आहे. तरी एकदा हात घालून बघितला. उलटा.